‘तो फोटो बनावट आहे’ असे म्हणण्यापूर्वी

छायाचित्र कधी खोटे बोलत नाही, असा आपल्या वाडवडिलांचा एक भाबडा समज होता. भाबडा अशासाठी म्हणायचे, की ज्या काळात हा समज दृढ होता त्याच काळात गावोगावच्या स्टुडिओंत निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून देवीचे वण बुजवले जात होते आणि लग्नाच्या मुलीचा रंग थोडा उजळला जात होता. त्याला कोणी फसवणूक म्हणत नसे; ‘रिटचिंग’ म्हणत. आज नेमके उलटे झाले आहे. एखाद्या पुढाऱ्याचा, नटीचा किंवा खेळाडूचा फोटो मोबाईलवर आला, की पहिला उद्गार निघतो तो ‘अहो, हे सगळे बनावट असते!’ हा. पहिल्या समजात भोळेपणा होता, दुसऱ्यात शहाणपणाचा आव आहे. आणि माझे मत असे, की ह्या दोहोंत दुसराच अधिक घातक आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बनावटीचा धंदा काही संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. सोव्हिएत रशियात मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनच्या शेजारी त्याचा पोलीसप्रमुख निकोलाय येझॉव्ह उभा असलेले एक छायाचित्र आहे. १९४० साली येझॉव्हला गोळ्या घातल्या गेल्या आणि पुढे त्याच छायाचित्रात तो उभा होता त्या जागी कालव्याचे पाणी वाहू लागले. कात्री, ब्रश आणि चाकू एवढ्या सामग्रीवर हे काम होत असे.

लोकशाही देशांनी ह्याबाबत फार नाक वर करण्याचे कारण नाही. १९५० साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात सिनेटर मिलर्ड टायडिंग्ज निवडणुकीला उभे होते. जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरले असल्याचा जो ओरडा केला होता, तो निराधार असल्याचा अहवाल त्यांच्याच उपसमितीने दिला होता. त्याचा सूड म्हणून प्रचारपत्रात एक चित्र छापले गेले. त्यात टायडिंग्ज हे कम्युनिस्ट नेते अर्ल ब्राउडर यांचे बोलणे कान देऊन ऐकत असल्याचे दिसत होते. दोन वेगवेगळी छायाचित्रे जोडून ते तयार केले होते. गंमत म्हणजे, हे चित्र जोडलेले आहे असा शब्द खालच्या ओळीत छापलेलाही होता! ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना धर्मराजाने आवाज खाली आणला. इथे अक्षरांचा आकार खाली आणला. टायडिंग्ज ती निवडणूक हरले. केवळ त्या चित्रामुळे हरले असे म्हणणे धाडसाचे होईल, पण सिनेटला त्या प्रचाराची चौकशी करावी लागली ही गोष्ट खरी.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईचे घ्यावे. ६ जुलै १९४६ रोजी मुंबईत काँग्रेस महासमितीच्या बैठकीत गांधीजी आणि नेहरू शेजारी बसून मनमोकळे हसत आहेत, असे असोसिएटेड प्रेसच्या छायाचित्रकाराने टिपलेले एक सुरेख छायाचित्र आहे. ह्याच छायाचित्रातून नेहरूंना काढून त्या जागी एक परदेशी बाई बसवण्यात आली आणि ते चित्र आजवर किती मोबाईलमधून फिरले असेल त्याची गणती नाही. नेहरूंच्या वाट्याला तर ह्याहून सोपी युक्ती आली. बहीण विजयालक्ष्मी पंडित आणि भाची नयनतारा सहगल यांच्याबरोबरची त्यांची खरीखुरी कौटुंबिक छायाचित्रे घेतली गेली, त्यांत काडीचाही बदल केला गेला नाही. फक्त त्या बायका कोण हे सांगायचे टाळले गेले. ह्या दोन उदाहरणांतला फरक महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारातले चित्र कितीही मोठे करून, भिंग लावून पाहिले तरी त्यात खोट सापडणार नाही, कारण खोट चित्रात नसून चित्राखालच्या ओळीत आहे.

हा विषय थट्टेवारी नेण्याजोगा नाही, हे २०२३ च्या मे महिन्यात दिल्लीत दिसून आले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करून महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या होत्या. २८ मे रोजी नव्या संसदभवनाकडे निघालेल्या मोर्चातून पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. पोलिसांच्या गाडीत विनेश आणि संगीता फोगाट यांचे एक छायाचित्र काढले गेले. त्यात दोघींचे चेहरे गंभीर आहेत. काही तासांतच दुसरे चित्र फिरू लागले. गाडी तीच, माणसे तीच, पण दोघी बहिणी हसताहेत. म्हणजे काय, तर आंदोलन हे नाटक आहे! चेहऱ्यावर हसू चढवून देणारी साधने आज कोणाच्याही मोबाईलमध्ये असतात. कोणाला मारले नाही, शिवी दिली नाही, एक शब्दही लिहिला नाही. केवळ ओठांच्या कडा वर उचलल्या आणि ज्या बायका न्याय मागत होत्या त्यांनाच लबाड ठरवले. मूळ चित्र लवकर पुढे आले म्हणून खुलासा झाला. पण ते हसू ज्यांनी पाहिले त्यांतल्या कितीजणांनी पुढचा खुलासा वाचला असेल?

इथपर्यंत बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील. आता नाण्याची दुसरी बाजू पाहू.

१९६३ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला आणि ली हार्वे ऑस्वल्ड याला पकडण्यात आले. त्याच्या सामानात एक छायाचित्र सापडले. घरामागच्या अंगणात तो उभा आहे, एका हातात बंदूक, दुसऱ्यात डाव्या विचारांची वर्तमानपत्रे, कमरेला पिस्तूल. पोलिसांनी ते दाखवताच ऑस्वल्ड म्हणाला, चेहरा माझा आहे, धड दुसऱ्याचे आहे. दुसऱ्याच दिवशी तोही मारला गेला आणि त्याचे हे वाक्य मात्र जिवंत राहिले. त्याची बायको सांगत होती की फोटो मीच काढला. पण संशयाला एकदा घर मिळाले की तो भाडे न देता वर्षानुवर्षे राहतो. लोकांनी सावल्या मोजायला घेतल्या. नाकाखालची सावली सरळ खाली पडली आहे आणि अंगाची सावली तिरकी; तेव्हा सूर्य दोन होते काय, असा सवाल झाला. कोणी म्हणाले, माणूस इतका कलून उभा राहूच शकत नाही.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लोकप्रतिनिधी-सभेच्या समितीने तज्ज्ञ बसवले. कॅमेऱ्याच्या आतल्या चौकटीच्या बारीक खुणा निगेटिव्हवर उमटतात, त्या ताडून पाहिल्या आणि छायाचित्र ऑस्वल्डच्याच कॅमेऱ्यातले, अस्सल, असा निर्वाळा दिला. तरीही अफवा मिटली नाही. मग २००९ साली हॅनी फरीद ह्या संगणकतज्ज्ञाने ऑस्वल्डच्या डोक्याची आणि अंगणाची त्रिमिती प्रतिकृती संगणकावर उभारली आणि दाखवून दिले की एकाच सूर्याच्या उन्हात ह्या दोन्ही सावल्या अगदी अशाच पडतात. पुढे २०१५ मध्ये उभे राहण्याच्या ढबीचाही हिशेब करून, तो तोल शक्य आहे हेही सिद्ध केले. आपला डोळा सावल्यांच्या दिशा जोखण्यात मुळातच कच्चा असतो, हा त्यातला खरा धडा. ‘नीट बघा म्हणजे कळेल’ असे जो म्हणतो त्याने हे ध्यानात ठेवावे. सेहेचाळीस वर्षे लोक नीटच तर बघत होते!

ह्या प्रकरणाला एक शेपूट आहे आणि मला ते सगळ्यांत बोधप्रद वाटते. १९६४ साली ‘लाइफ’सारख्या मातबर नियतकालिकाने ते छायाचित्र मुखपृष्ठावर छापताना छपाई उठून दिसावी म्हणून त्यावर थोडा हात फिरवला. इतर काही पत्रांनीही तेच केले. त्यामुळे निरनिराळ्या छापील प्रतींत बंदुकीचे बारकावे निरनिराळे दिसू लागले आणि ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणायला लोकांना आयते कोलीत मिळाले. हेतू वाईट नव्हता. पण खरे चित्र सुंदर करायला गेल्याने ते खोटे ठरू लागले.

हेच नाटक साठ वर्षांनी लंडनमध्ये पुन्हा झाले. २०२४ च्या जानेवारीत वेल्सच्या राजकन्या केट यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या लोकांसमोर येईनाशा झाल्या. तर्ककुतर्कांना ऊत आला. ते शमवावेत म्हणून १० मार्चला राजवाड्याने त्यांचे मुलांसह एक छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात मुलीच्या बाहीची कड मध्येच विरून गेली होती. असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी ह्या संस्थांनी एकामागून एक ते छायाचित्र वापरू नका असे कळवून मागे घेतले. दुसऱ्या दिवशी केट यांनी क्षमा मागितली. हौशी छायाचित्रकार करतात तसे मीही कधीकधी फेरफार करून पाहते, असे त्यांनी कळवले. मूळ प्रत मात्र राजवाड्याने दिली नाही. २२ मार्चला स्वतः केट यांनी चित्रफितीतून आपल्याला कर्करोग झाल्याचे सांगितले, आणि हा विलक्षण प्रकार पाहा, ती चित्रफीतही यंत्राने रचलेली आहे असे म्हणणारे निघालेच! एका आजारी बाईला आपण आजारी आहोत हेही लोकांना पटवून देता येईना. फेरफार केला होता तो बाहीइतका; अविश्वास पसरला तो सगळ्या माणसावर.

आता ह्याचा फायदा कोण उठवतो ते पाहा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांच्या डेट्रॉइट विमानतळावरील सभेचे छायाचित्र पाहून डोनाल्ड ट्रम्प यांनी लिहिले, की तिथे कोणी नव्हतेच, ही गर्दी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवली आहे. पुरावा कोणता? तर विमानाच्या चकचकीत अंगात गर्दीचे प्रतिबिंब दिसत नाही. वास्तविक गर्दी प्रतिबिंब पडण्याइतकी विमानाजवळ नव्हतीच. त्या सभेला हजारो माणसे होती, अनेक वृत्तसंस्थांचे छायाचित्रकार होते, थेट प्रक्षेपण होते. पण मुद्दा गर्दीचा नाही. गैरसोयीचे छायाचित्र समोर आले की ‘बनावट आहे’ म्हणून हात झटकता येतात, ही सोय आता प्रत्येक बलवानाच्या हाती आली आहे. पूर्वी खोटे चित्र बनवायला निदान कष्ट तरी पडत. खरे चित्र खोटे म्हणायला तोंड उघडण्याचेही कष्ट नाहीत. आपण चहाच्या टेबलावर शहाणपणाने ‘सगळे बनावट असते’ म्हणतो, तेव्हा ह्याच मंडळींची पालखी आपण वाहत असतो. उद्या कोणा पुढाऱ्याला लाच घेताना कोणी टिपले, कोणा पोलिसाला निरपराध माणसाला मारताना टिपले, तर त्याला वाचवण्यासाठी वकील लागणार नाही. आपली ही सवय पुरेशी आहे.

मग तपासायचे कसे? ह्याबद्दल तरुण मंडळींत एक गैरसमज आहे. सहावे बोट मोजा, कान तपासा, पाठीमागची पाटी वाचा, असे नुस्खे सांगितले जातात. हे नुस्खे दर सहा महिन्यांनी शिळे होतात, कारण बनवणारी यंत्रेही शिकत असतात. बनावट ओळखून देतो म्हणणाऱ्या संगणकीय साधनांवरही डोळे झाकून विसंबू नये. ती खऱ्याला खोटे आणि खोट्याला खरे ठरवताना आढळली आहेत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चित्र दाबून लहान केलेले असते आणि ते कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढले ही आतली माहिती वाटेतच गळून पडते. अशा चित्राच्या ठिपक्यांत सत्य शोधणे म्हणजे ताक घुसळून लोणी काढण्यासारखे आहे.

माझ्या मते चित्राकडे टक लावून बघण्यापेक्षा चित्राचे कूळ शोधावे. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार करताना कोणी मातीचा रंग बघून खरेदीखत करीत नाही. उतारा काढतो, आधीचा मालक कोण हे बघतो. चित्राचेही तसेच आहे. उलट शोधाची सोय गुगलवर आहे, टिनआय म्हणून आणखी एक आहे; चित्र त्यात टाकले की तेच किंवा तत्सम चित्र आधी कुठे दिसले होते हे पुष्कळदा कळते. सर्वांत जुनी प्रत सापडली की निम्मे काम झाले. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या कर्नाटकाच्याच रश्मिका मंदाना हिचा चेहरा दुसऱ्या बाईच्या देहावर बसवलेली चित्रफीत पसरली. ती उघडी पडली ती एका पत्रकाराने ऑक्टोबरातली मूळ चित्रफीत शोधून दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून.

ह्या पद्धतीचा सर्वोत्तम नमुना २००४ चा आहे. जॉन केरी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्याच्या बेतात होते. तेव्हा ते आणि अभिनेत्री जेन फोंडा युद्धविरोधी सभेत एकाच व्यासपीठावर असल्याचे, जुन्या वर्तमानपत्राचे कात्रण वाटावे असे चित्र निघाले. केन लाइट ह्या छायाचित्रकाराने ते पाहिले आणि त्याला आपले केरी ओळखू आले. १९७१ मध्ये त्याने ते छायाचित्र काढले होते. त्यात केरी एकटेच होते. निगेटिव्ह त्याच्याजवळ होती. फोंडा बाईंचे छायाचित्र दुसऱ्याच माणसाने १९७२ साली मायामी बीचला काढलेले. झाले, खोटेपणा सिद्ध झाला. पण प्रकरण इथे संपत नाही. त्याच सुमारास दुसरेही एक चित्र फिरत होते. त्यात १९७० च्या एका सभेत फोंडा पुढच्या रांगेत आणि केरी काही रांगा मागे बसलेले दिसतात. ते अस्सल होते! म्हणजे पहिले खोटे निघाले म्हणून दुसरेही खोटे, असे म्हणणारा केरींचा समर्थक चुकला. आणि दुसरे खरे निघाले म्हणून पहिल्यातली सलगीही खरी, असे म्हणणारा विरोधकही चुकला. प्रत्येक चित्राची चौकशी स्वतंत्र करावी लागते. त्याला आळस उपयोगाचा नाही, आणि पक्षनिष्ठा तर मुळीच नाही.

ही चौकशी करायची कोणी, हा वादाचा प्रश्न आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून, सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा हे ठरवण्याचा अधिकार सरकारच्याच एका कक्षाला देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मत जानेवारी २०२४ मध्ये दुभंगले. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कक्षाला स्थगिती दिली. आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. मला हा निकाल योग्य वाटतो, आणि त्यासाठी कायद्याचा ग्रंथ उघडण्याची गरज नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान मोदी चेन्नईचा पूर विमानातून पाहत असल्याचे छायाचित्र पत्रसूचना कार्यालयाने दिले; त्यात खिडकीतला देखावा नंतर चिकटवलेला होता. ते मागे घ्यावे लागले, दिलगिरी व्यक्त करावी लागली. पक्ष कोणताही सत्तेवर असो, ज्याचा फोटो त्यालाच पंच नेमता येत नाही. खाजगी तपासनीसांनाही हाच न्याय लावावा. जो नुसता ‘खोटे’ असा लाल शिक्का मारतो आणि मूळ चित्र कुठे, कसे सापडले हे दाखवत नाही, तो आपल्याला दुसऱ्या एका अफवेवरच विश्वास ठेवायला सांगत असतो. आणि शोधूनही कूळ सापडले नाही तर? ‘सांगता येत नाही’ एवढेच लिहावे. परीक्षेत ह्या उत्तराला गुण मिळत नाहीत, म्हणून की काय, आपल्याला ते लिहायला फार जड जाते.

आपल्या सीमाभागात ह्याची गरज दुप्पट आहे. चित्राला भाषा नसते. भाषा खालच्या ओळीला असते. एकाच चित्राखाली मराठीत एक ओळ आणि कन्नडात नेमकी उलट ओळ लिहून दोन्ही गल्ल्या पेटवता येतील, आणि एका गल्लीला दुसरीत काय वाचले जात आहे ह्याचा पत्ताही लागणार नाही. पण आपल्या महाविद्यालयात दोन्ही ओळी वाचणारी मुले एकाच बाकावर बसतात. ह्या अंकाचेच दोन विभाग आहेत. तेव्हा एखादे भडक चित्र आले, तर कन्नड विभागातल्या मित्राला ‘तुमच्याकडे ह्याखाली काय लिहून आले आहे?’ एवढे विचारायला हरकत नसावी.

संपादक मंडळाकडे मात्र माझी एक मागणी आहे. नियतकालिकातील प्रत्येक छायाचित्राखाली ते कोणी काढले, केव्हा काढले आणि त्यात काही बदल केला आहे काय, हे छापावे. जुन्या अंकांतील वर्गांचे ग्रुप फोटो काढून पाहावेत. फोटोच्या दिवशी जो गैरहजर असे, त्याचे चित्र वरच्या कोपऱ्यात वेगळ्या गोल चौकटीत दिलेले असे. दिसायला ते विचित्र दिसे, पण हा मुलगा वर्गाचा आहे आणि त्या दिवशी तो नव्हता, ह्या दोन्ही गोष्टी त्यातून कळत. आता संगणकावर त्याला मागच्या रांगेत दोघांच्या मधोमध सहज उभे करता येते, खांद्यावर हातसुद्धा टाकता येतो. यंदाच्या अंकात तेवढी ती गोल चौकट परत आणावी.